पहिला दात कुणासमोर पडला

लोकांची पोरं डॉक्टरमावशी, डॉक्टरमावशी करत बाईंच्या गळ्यात पडायची. स्वतःच्या पोरीचं तोंड मात्र दाताच्या या डॉक्टरीणबाईंना दिसायचं ते झोपेत उघडं पडलेलं.

पोर सहा वर्षांची, लाडाचं नाव टिकली. शाळा सुटली की अंधार पडेपर्यंत पाळणाघर, तिथे टीव्हीसमोरची सतरंजी. बसल्या बसल्या ती भुवईचे केस उपटायची. उजवी भुवई अर्धी उडाली होती. बाईंनी मलमं आणली, रागावूनही पाहिलं. व्यर्थ.

मग नवऱ्याची कंपनी बंद पडली आणि तो घरी बसला. शाळेतून टिकलीला तोच चालत आणू लागला. पोर धुळीनं माखून यायची, वाढाल ते चाटूनपुसून खायची. भुवई भरली. बाईंना आनंद झाला आणि पोटातही दुखायला लागलं.

"गोष्ट बाबा सांगणार," टिकली म्हणायची. "तू पटपट संपवतेस."

तरी बाईंनी एक गोष्ट राखून ठेवली होती. टिकलीचा पहिला दात हलत होता. "तो माझ्या दवाखान्यात, मोठ्या खुर्चीवर काढायचा हं!"

एका संध्याकाळी नवऱ्यानं रुमाल उलगडला. "बघ! झोपाळ्यावर पडला. रडलीसुद्धा नाही."

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "दात माझं काम आहे!"

"अगं, मी कुठे उपटला? आपोआप पडला."

"तुझ्यासमोर पडला ना?"

तो हसला. हसायला नको होतं.

बाईंनी ओळखीच्या एका पेशंटकडे नवऱ्यासाठी शब्द टाकला. नोकरी लागली. "बायको असावी तर अशी," लोक म्हणाले. टिकली पुन्हा पाळणाघरात गेली. पहिल्या संध्याकाळी ती बाईंच्या गळ्यात पडली, तेव्हा त्यांना किल्ला सर केल्यासारखं वाटलं.

पण हळूहळू पोर घरी येताना गाडीतच पेंगायला लागली. एका सुट्टीच्या सकाळी तिचे केस विंचरताना बाईंचा अंगठा भुवईवर गेला. नुसती गुळगुळीत कातडी.

"का उपटतेस गं?"

"मी नाही उपटत. हात उपटतो."

पोर खेळायला गेल्यावर बाई नवऱ्याला म्हणाल्या, "मी जळत होते तुझ्यावर. म्हणून तुला घराबाहेर काढलं."

"कळत होतं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"मलाही नोकरी हवीच होती गं," तो खाली बघत म्हणाला.

बाईंनी दुपारनंतरचे पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे वळवले आणि त्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. टिकलीनं त्यांच्या मागे डोकावून पाहिलं. "बाबा?"

"आजपासून मी."

"बरं."

त्या एका 'बरं'नं बाईंना आतून ओरबाडलं. टिकली पुढे चालू लागली. पत्र्याच्या कुंपणातल्या फटीला डोळा लावून तिनं क्रेन पाहिली. "बाबा इथे थांबतो." कोपऱ्यावर कुत्र्याला खाजवलं. "बाबा याला शेठ म्हणतो." बाई दातओठ खात मागे मागे. जळफळाट काही एका दिवसात विझत नाही.

"बाबा इकडून वळतो," टिकली म्हणाली.

"आपण तिकडून जाऊ," बाईंच्या तोंडून निघून गेलं. "बाबाला माहीतच नाही तो रस्ता."

टिकली थांबली. "तुला माहितीये?"

"नाही."

पोरीनं क्षणभर विचार केला आणि आईचं बोट धरलं.