सापाच्या पोटातलं दूध

बाळाचं अंग भरत नव्हतं आणि सासू दोमितिला ते बोलून दाखवल्याशिवाय राहत नव्हती. त्या सकाळी बाजाराला निघतानाही म्हणालीच, "अगं ओतिलिया, तुला दूध येतं की पाणी? मक्याची पेज पीत जा जरा!"

जिभेवर आलेलं उत्तर ओतिलियानं गिळलं. साप बाळंतिणीचं दूध पितो आणि पोर रडू नये म्हणून आपली शेपटी त्याच्या तोंडात देतो, हे डोंगरात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि त्यांच्या लाकडी घरात फळ्यांखाली लाल, काळ्या, पांढऱ्या कड्यांचा साप राहत होता. सासू त्याला जपायची. "तो आपला आहे, चावत नाही. त्याला हात लावायचा नाही," असं तिनं नव्या सुनेला बजावलं होतं.

दुपारी तोच साप पाळण्याखाली दिसला. पोट टम्म फुगलेलं. ओतिलियानं कुदळ उचलली. तो पळाला नाही, फुत्कारलाही नाही. तरी तिनं घाव घातले.

नवरा नासारियो झाडांचा चीक काढून परतला, शेजारणी जमल्या. मारलेल्या सापाचं पोट फाडून दूध बघायची तिथली रीत.

"फाडा," ओतिलिया म्हणाली. "आईंनाही दिसू दे, दूध कुठं जातंय ते."

दूध नव्हतंच. आतून निघालं त्यानं गिळलेलं पिल्लू, शेपटी वाजवणाऱ्या खुळखुळ्या सापाचं, जन्मतःच विषारी.

"एका घावात दोन! वाघीण आहे बायको माझी," नासारियो हसला.

ओतिलियाला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. वड्याचं तेल तिनं वांग्यावर काढलं होतं. हा साप चावत नाही हे तिला ठाऊक होतं. कुदळ उचलतानाही ठाऊक होतं.

सासू आली. टोपली ठेवून तिनं दोन्ही साप पाहिले.

"आई, चुकलं माझं. बोला ना काहीतरी!"

"बोलून तो उठणार आहे का?" दोमितिलानं आपली शाल सोडली आणि बाळाला सुनेच्या पाठीशी घट्ट बांधलं. "खुळखुळ्या एकच पिल्लू घालत नाही. बाकीची इथंच असतील. पोराला आता खाली ठेवायचं नाही."

संध्याकाळी ओतिलिया पाठीवरच्या ओझ्यासकट चुलीपाशी उभी होती. फळ्यांखाली काहीतरी सळसळलं. कालपर्यंत त्या आवाजाकडे घरात कुणी लक्षही दिलं नसतं.