दोन बोटं जास्त

सोमवारच्या तासाची वही: अंतराळात रडलं तर आसवं ओघळत नाहीत, डोळ्यालाच चिकटून बसतात.

सगळ्यांच्या फ्रिजवरची चिठ्ठी: माझं दही कोणी खाल्लं?

बेचाळीस मीटर पांढरं कापड.

नणंदेचा फोन: "वहिनी, चंद्रावर पडदे शिवायला नेलंय का गं तुला?"

वहिनी म्हणजे तंबूच्या कारखान्यातली शिंपीण, वय सत्तेचाळीस. अंतराळ अभ्यासाच्या उन्हाळी वर्गाला देशोदेशीचे शंभर जण आले होते. डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आणि त्यात ही! आपली निवड नजरचुकीनं झाली, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. चूक कुणाच्या तरी लक्षात येणार आणि आपली पाठवणी होणार, एवढंच उरलं होतं.

तिच्या गटाकडे चंद्रावरच्या फुगत्या खोलीचा कापडी नमुना शिवायचं काम होतं. शुक्रवारी दुपारी परीक्षकांसमोर पंखा लावून तिच्यात हवा भरायची. खोली उभी राहिली तर पास. आराखडा काढला होता इंजिनिअरनं. त्याला सगळे मिलिमीटर म्हणत, आणि ते नाव त्याला शोभायचं.

शुक्रवारी सकाळी मिलिमीटरनं तिनं कापलेल्या तुकड्यांना टेप लावली आणि कपाळावर हात मारला.

"बाई, काय केलंत हे? प्रत्येक तुकडा चारी बाजूंनी दोन बोटं जास्त!"

झालं! आली पाठवणीची वेळ.

त्यानं उरलेल्या कापडातून दाराच्या गोल कड्यावर बसवायची पट्टी स्वतः कापली. कड्याच्या घेराएवढी, अगदी काटेकोर. "ही शिवा."

तिनं निमूटपणे पट्टीची टोकं जोडली. पट्टी कड्यावर चढेचना. तिघांनी ओढली, मिलिमीटर घामाघूम झाला.

"आक्रसली कशी?"

"शिवणीत कापड जातं ना, साहेब," ती हळूच म्हणाली. "आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात."

"चौदा वर्षं रॉकेटच्या टाक्या बनवतोय मी!"

"टाकीला शिवण नसते."

गटातली डॉक्टरीण खो खो हसत सुटली. "टाके मीही घालते रे बाबा! अगदी कडेला घातले की फाटलेच. बाई, तुम्ही चालू द्या."

मग बाईंनी चालू दिलं. मशीन धडधडू लागलं आणि इतका वेळ गप्प असलेली जीभही सुटली. "ताणू नका! नुसतं धरा! साहेब, तुम्हालाच म्हणतेय!" आणि मिलिमीटर लग्नाच्या शालूला हात लावावा तसं कापड धरून उभा.

दुपारी पंखा सुरू झाला. खोली कण्हली, एका कुशीवर वळली, आळोखेपिळोखे देत टुमदार उभी राहिली. एक परीक्षक आत गेले ते बाहेर यायलाच तयार होईनात. दुसऱ्यांनी आराखडा उचलला. त्यावर मिलिमीटरनं लाल पेनानं लिहिलं होतं: सर्वत्र दोन बोटं सोडणे.

"बोटं कोणाची?"

"बाईंची," मिलिमीटर छाती फुगवून म्हणाला.

निवडीच्या वेळी, मार्च महिन्यात, शिंप्यासाठी मुद्दाम राखलेल्या तिच्या त्या एका जागेसाठी अकरा शिंप्यांचे अर्ज आले होते.