डब्यातली अकरा कार्डं

मी तोंडाची फटकळ आहे, हे किन्हवलीतलं शेंबडं पोरही सांगेल. एकतीस वर्षं दवाखाना चालवतेय, त्यातली निदान दहा तरी ओरडण्यात गेली असतील. पण ओरडायला समोर माणूस लागतं ना! दिवाळी उलटली, भात झोडून झालं, की वरच्या वाड्या रिकाम्या होतात. माणसं पोराबाळांसकट वीटभट्ट्यांवर जातात ती आखातीला, अक्षय्य तृतीयेला परततात. मग माझ्या बाकड्यावर कुत्रंसुद्धा बसत नाही. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. लेक निशिगंधा रविवारी फोन करते, जेवलीस का विचारते. जेवले म्हणते. बाकीचे सहा दिवस कुणी विचारत नाही, मग कधी कधी जेवतही नाही.

जानेवारीच्या शेवटी सरिता आली. आमच्यासारख्या गावातल्या खासगी डॉक्टरांच्या मदतीला आरोग्य खात्याने नेमलेली मुलगी. आमच्याबरोबर बसून लस चुकलेली पोरं शोधायची, हे तिचं काम. आता मला मदत! मी म्हटलं, "बये, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी या वाड्यांना औषध देतेय. तू मला काय शिकवणार?"

पोरगी चिवट निघाली. रागावली नाही, यादी पुढे सरकवली. "बाई, ठाकूरवाडीतल्या अकरा पोरांचे डोस चुकलेत. सगळी भिवंडीकडच्या एका भट्टीवर आहेत. तिथल्या सिस्टर दोनदा लस घेऊन गेल्या, पण एकाही आईने पोर पुढे केलं नाही. आणि आता शेजारच्या भट्टीवर गोवर निघालाय."

"मेल्या अडाणी त्या अडाणीच!" मी म्हटलं. "कानीकपाळी ओरडून माझा घसा बसला."

यादीत पहिलंच नाव गंगीच्या मुलीचं होतं. गंगीची दोन बाळंतपणं वाया गेली, तिसरी ही मिताली. नावसुद्धा मीच सुचवलेलं. नवव्या महिन्यातली गोवराची लस डिसेंबरात द्यायची होती. म्हणजे शेजारी गोवर आणि पोरगी तशीच.

"यांची कार्डं कुठे असतील?" सरिताने विचारलं. "कुणाचं नेमकं काय राहिलंय ते कळेल."

"कुठे म्हणजे? माझ्याकडे!" मी ऐटीत उठले आणि कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला.

ही रीत मीच पाडलेली. भट्टीचा ट्रक सुटायच्या आदल्या दिवशी बाया येतात आणि पोरांची लसीची कार्डं माझ्या हाती देऊन जातात. भट्टीवर उंदीर कुरतडतात, चिखल लागतो, म्हणून. एकेक कार्ड मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवते. सरिता नाव वाचायची, मी कार्ड काढायचे. अकरा नावं झाली. अकराच्या अकरा कार्डं टेबलावर होती.

तिने कार्डं पुन्हा एकदा मोजली. मग अगदी हळू म्हणाली, "बाई, कार्ड न घेता लसीला आलेल्या बाईला तुम्ही काय म्हणता?"

मी काय म्हणते ते तिलाही ठाऊक असणार. "कार्ड नाही तर पायरी चढायची नाही! लस म्हणजे काय चणेफुटाणे वाटले?" गेल्या मे महिन्यात याच गंगीला मी तान्ह्या पोरीसकट दारातून परत पाठवलं होतं. पाच किलोमीटर वाडीवर गेली, पाच किलोमीटर परत आली, कार्ड पदरात बांधून. त्यानंतर कार्ड विसरायची कुणाची बिशाद नव्हती. आणि तीच कार्डं मी काढून घेऊन कपाटात ठेवली होती.

उंदरांपासून वाचवायला ठेवली, असं सांगून मोकळी होऊ शकते. पण आता या वयात खोटं कशाला बोलू? कार्ड माझ्याकडे असलं की माणसं परत माझ्याच दारात येतील, एवढी खात्री मला हवी होती. रिकाम्या संध्याकाळी मी डबा उघडून नावं वाचत बसायचे. मिताली, पहिला डोस, दुसरा डोस. लाज वाटते सांगताना.

गंगीच्या नवऱ्याचा, मंगळूचा फोन बंद लागत होता. दुसऱ्या दिवशी बुधवार, लसीचा वार. सरिताने सिस्टरांना कळवलं आणि मी तिच्या स्कूटीवर मागे बसले, मांडीवर डबा घेऊन. वाटेतलं सापगाव येईपर्यंत कंबर मोडली, पण एक शब्द बोलले नाही. रस्ताभर एकच धाकधूक, पोरगी धड असू दे.

भट्टीवर कच्च्या विटांच्या झोपड्या. गंगी चिखल तुडवत होती. मला बघून धावत आली. "बाई! तुमी इथं?"

"पोरगी कुठाय?"

पोरगी झोपडीत झोळीत झोपली होती. मी तिच्या कपाळाला हात लावला, डोळे बघितले, कानामागे बघितलं. अंग गार. पुरळ नाही. मी तिथेच बसले. आणि बसल्या बसल्या ओरडले, सवयच ती. "लस का नाही घेतलीस गो?"

"कार्ड नव्हतं ना बाई. कार्डाबिगर जायचं नाय, तुमीच सांगलेलं. सिस्टर आल्या तवा मी पोरीला घेऊन विटांच्या मागं लपले. बाकीच्यांना पण सांगलं, बाई कावतील. आखातीला घरी जाऊ, तवा तुमच्याकडंच घेऊ."

तुमच्याकडंच. हेच ऐकायला मी हपापलेली होते, आणि आता ऐकवेना.

डबा उघडून मी एकेकीचं कार्ड तिच्या हातात दिलं. सिस्टरांनी दहा पोरांना लस दिली. मितालीने भोकाड पसरलं. अकरावा, त्याच वाडीतल्या सकुबाईचा नातू. त्याच्या अंगावर तीन दिवसांपूर्वी पुरळ उठलं होतं, तापात फणफणलेला मोठ्या दवाखान्यात नेला होता. बरा होईल म्हणतात. त्याचं कार्ड डब्यातच राहिलं, ते घेऊन मला दवाखान्यात जायचंच होतं.

निघताना गंगी मितालीचं कार्ड परत घेऊन आली. "ठेवा बाई. इथं उंदीर लय."

"नको. तुझ्याजवळ ठेव. उंदरांनी खाल्लं तर खाऊ दे. कार्ड नसलं तरी लस घ्यायला जायचं, कळलं? कुणी ओरडलं तर माझं नाव सांग."

गंगी गोंधळली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, खरंच कळत नव्हतं म्हणून तिने विचारलं.

"पण बाई, तुमच्याबिगर आमाला वरडतंय कोण?"