बिनगुन्ह्याच्या फेऱ्या

सोलापुरातल्या त्या शाळेत मैदानाला फेऱ्या मारणं ही शिक्षा होती. गृहपाठ विसरला, फेऱ्या. वर्गात शीळ घातली, फेऱ्या. एका पोराला तर नीट फेऱ्या न मारल्याबद्दल फेऱ्या मिळाल्या होत्या. त्यामुळं शाळेत वजन आटोक्यात ठेवायचा कार्यक्रम सुरू झाला आणि महिपती सरांनी आठवीतली जाड पोरं रोज सकाळी मैदानावर काढली, तेव्हा त्यातल्या शिवयोगीनं रीतसर विचारलं, "सर, आमी काय केलं?"

"काही नाही. तब्येतीसाठी आहे."

काहीच न करता शिक्षा, म्हणजे गुन्हा फारच मोठा असणार. पोरं निमूट पळाली.

पहिल्या आठवड्यात शिवयोगी अर्ध्या फेरीतच मैदानाकडेच्या कडुलिंबाला मिठी मारायचा. पुढं कधीतरी लिंब मागं पडला. वस्तीतल्या त्याच्या खोलीत चार माणसं आणि एक कपाट. हात पसरला की कुणाला तरी लागायचा. मैदानात कसाही पसरला तरी कुणाला लागत नव्हता. हे त्याला आवडायला लागलं. पण शिक्षा आवडते, हे सांगणार कुणाला?

एका सकाळी त्याची आई दानेश्वरी वळलेल्या विड्या द्यायला कारखान्याकडं निघाली होती. शाळेच्या जाळीतून तिला पोरगं पळताना दिसलं. ती तडक आत.

"ओ सर, माफ करा की पोराला! काय फोडलं त्यानं?"

"बाई, शिक्षा नाही ही. वजन वाढू नये म्हणून पळवतोय."

"मग बारकी पोरं का पळंनात? मी राबून पोसलं, त्यो गुन्हा झाला व्हय? उद्याच ह्याला मामाकडं वळसंगला धाडते. तितल्या शाळंत पोटभर जेवल्यालं चालतंय."

शिवयोगी पळता पळता थांबला. आई बोलली की करायची.

सरही घाबरले. "हे बघा, शिक्षा असती तर मी पळालो असतो का?" असं म्हणून ते स्वतःच पळत सुटले. पुढं पोट, मागून सर.

दानेश्वरीचा चेहरा एकदम मऊ झाला. "अय्यो! सरांनाबी धरलं?"

ती ऑफिसात शिरली. "ओ मोठे सर, महिपती सरांना सोडा की. बायकापोरांचा माणूस हाय."

मुख्याध्यापकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते सवयीनं म्हणाले, "विचार करू."

शिवयोगी धापा टाकत दारात आला. "अव्वा, मला आवडतंय पळायला. वळसंगला नको धाडू."

"आवडतंय? दम लागतोय की तुला!"

"लागतोय. तरीबी."

"पोरं चिडवत न्हाईत?"

"चिडवत्यात. पळताना ऐकू येत न्हाय."

दानेश्वरी जवळ आली. पदरानं त्याचा चेहरा पुसला, जरा जोरातच.

"मामाकडं जाऊ नको," ती म्हणाली. "पण उद्यापास्नं सकाळी भाकरीऐवजी देते ती चिप्सची पाकिटं बंद. विड्या थोड्या मागं राहू देत, मी भाकरी करते. खाऊन पळायचं."

कारखान्यात उशीर होणार होता. तरी विड्यांची पाटी मांडीवर घेऊन ती मैदानाच्या पायरीवर बसली.

"पळ. बघते मी."