उघड्या हातानं

"डॉक्टर एकच विचारून राह्यले, औषध कोणतं होतं," नंदाबाईच्या दारातच उभा राहून कडूबा म्हणाला. "मी म्हणलं, नंदा वहिनीचा निंबोळी अर्क. ते म्हणले, निंबोळीनं असं होत न्हाई. जा, नीट विचारून या."

त्याची बायको दैवशाला सकाळी कपाशीवर फवारता फवारता सरीतच कोसळली होती. तोंडाला फेस आला होता. आता ती अंबडला दवाखान्यात होती.

"बराबरच म्हणले," नंदाबाई म्हणाली. "माझ्या अर्कानं माणूस कसं पडंल, भाऊजी?"

अठरा वर्षं ती निंबोळ्या वेचून, कुटून, भिजवून, फडक्यातून गाळून अर्क विकत होती. बायकांना सांगायची, हातमोजे कशाला, उघड्या हातानं कालवा. दैवशाला तर कोपरापर्यंत हात घालायची. या अर्कानं अळी लगेच मरत नाही. खाणं सोडते आणि चार दिवसांनी गळते. पण लोकांना सकाळी फवारलं की संध्याकाळी अळ्यांचा सडा हवा असतो. दोन वर्षं गिऱ्हाईक तुटलं होतं. या हंगामात तिच्या लेकानं, अंगदनं, बाटल्या भरणं आणि विकणं हातात घेतलं आणि अर्क एकाएकी गुणाला आला. नंदाबाई खुळी, आपल्याच हाताला यश आलं म्हणून हरखली होती.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? कोपऱ्यातली भरलेली बाटली तिनं उघडली, बोट बुडवलं आणि जिभेकडं नेलं. अर्क गाळल्यावर कडूपणा ती असाच पारखायची.

शेजारी उभ्या अंगदनं झडप घालून तिचं मनगट धरलं. "आय, नको!"

तिनं लेकाच्या तोंडाकडं पाहिलं.

"काय टाकलं रे ह्याच्यात?"

"मोनो," तो खाली बघत म्हणाला. "जरासंच. कुणी घेतच नव्हतं, आय."

मोनो म्हणजे दुकानातलं जहाल विष. कडूबानं डॉक्टरांना फोन लावला. "साहेब, मोनो होतं, मोनो!" मग तो नुसता ऐकत राहिला. फोन खिशात घालायला त्याला फार वेळ लागला.

"गेली," तो म्हणाला.

नंदाबाईला रडूही येईना. तिच्याच शब्दावर विसंबून बिचारी दैवशाला उघड्या हातानं कालवत राहिली होती. पदराकडं नेलेलं बोट तिनं मागं घेतलं. पायाशी कोंबडी दाणे टिपत होती. ओलं बोट तसंच समोर धरून ती उभी राहिली. ते पुसावं कुठं, हेच तिला कळेना.