वीतभर खोल पाट

दिनांक ६ मे १९६५, गुरुवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. हजर मुले तेवीस. सोनाळ्याच्या शाळेतील उन्हाळी शिबिराचा तो पाचवा दिवस होता. मी तेव्हा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो आणि महादेवराव गुरुजींच्या आग्रहावरून चौदा दिवसांची रजा काढून मुलांना मोजमाप शिकवत होतो. विहिरीपासून कुंपणालगतच्या कडुनिंबाच्या रोपांपर्यंत साठ फुटांचा पाट मुलांनीच खणायचा, असे काम नेमले होते. त्या सकाळी त्यात पाणी सोडायचे होते.

आदल्या संध्याकाळी सत्यभामाबाई शाळेत येऊन बजावून गेल्या होत्या, "घरी शेवया रखडल्या, अन् ही पोरगी माती उकरून राह्यली. उद्या पाणी झाडापर्यंत गेलं तर राहू द्या तिले. नाही गेलं तर मी घेऊन जाईन."

पोरगी म्हणजे त्यांची मुलगी रुख्मिणी, वय अकरा. वर्गात तिने कधी प्रश्न विचारला नव्हता, असे गुरुजी सांगत. शिबिरात मात्र झाडांकडच्या तीस फुटांची टोळी तिच्याकडे होती. विहिरीकडचे तीस फूट फकीर मोहम्मद सुताराच्या खुर्शीदकडे होते.

बारा बादल्या ओतल्या. पाणी निम्म्यापर्यंत आले, दोन्ही कामांच्या सांध्याशी तुंबले आणि तिथल्या भेगाळ काळ्या मातीत जिरले.

"काऊन वं रुख्मे," खुर्शीद म्हणाला, "पाणी का शिडी लावून चढन तुह्याकडे?"

"माह्याकडे बरोबर वीतभर हाये. तूच खड्डा केला."

"माह्याकडेबी वीतभरच हाये!"

पोरे हसली. पाणी पाहायला आलेल्या सत्यभामाबाईंनी पदर खोचला. "झालं पाणी पाहून. चाल."

रुख्मिणी आईकडे गेली नाही. खुर्शीदसमोर जाऊन म्हणाली, "हात दाखव." तिने त्याच्या पंजाला आपला पंजा लावला. मी टेप धरली. त्याची वीत नऊ इंच भरली, तिची सात.

चूक माझी होती. टेप एकच असल्यामुळे मी दोन्ही टोळ्यांना "वीतभर खोल खणा" असे सांगितले होते. गावात दोरी, कापड, खड्डा सारे वितीनेच मोजतात, त्यात कोणाला वावगे वाटत नाही. तंत्रशाळेत तीन वर्षे काढलेल्या माणसाला ते वाटायला हवे होते. मी तसे मुलांना सांगितले.

"म्हंजे सायेबाचंच चुकलं!" मागून कोणीतरी आनंदाने ओरडले.

"हो," मी म्हणालो.

रुख्मिणीने एक तुराटी उचलली, खुर्शीदच्या वितीएवढी मोडली आणि आपल्या टोळीला दाखवली. "आता ह्या काडीनं मोजा. हाताचं नाव नका काढू." मग ती आईकडे वळली. "आई, नऊ वाजेपर्यंत थांब. मंग ने."

सत्यभामाबाई व्हरांड्याच्या सावलीत बसल्या. "नऊ म्हंजे नऊ. त्याच्यावर एक मिनिट नाही."

तीस फुटांत दोन इंच माती काढायची होती. खुर्शीदच्या टोळीचे काम संपलेले होते, तरी तीही न सांगता कुदळी घेऊन आली. "माही वीत सरकारी झाली बे!" खुर्शीद जो भेटेल त्याला पंजा दाखवत होता. "सरकारी हाय तर कामबी सरकारीच करशील," रुख्मिणी म्हणाली. "खण लवकर."

आठ वाजून चाळीस मिनिटांनी पुन्हा पाणी सोडले. सांध्यावर ते थबकले नाही. दहाव्या बादलीला पहिल्या रोपाचे आळे भरले, सोळाव्या बादलीला शेवटचे.

सत्यभामाबाई उठल्या, कुंपणापर्यंत गेल्या आणि ओल्या आळ्यात बोट घालून पाहिले. "गेलं म्हना," त्या म्हणाल्या. "पन शनिवारी मले पाहिजे ही. एक दिवस."

"येईन ना मी," रुख्मिणी म्हणाली.

शिबिराच्या अहवालात 'मुलांचा विकास' असा एक रकाना होता. त्यात शिस्त, आरोग्य आणि सहकार्य वाढले असे लिहावे, अशी गुरुजींची सूचना होती. चौदा दिवसांत आरोग्य किती वाढते, याचे माप मजजवळ नव्हते. म्हणून एका मुलीने दोन मापे ताडून चूक शोधली, चारचौघांत आईकडे वेळ मागून घेतला, आणि काम संपलेली मुले दुसऱ्यांच्या कामाला आली, एवढेच मी लिहिले. शेवटी हजेरीपट जोडला. रुख्मिणीची हजेरी: चौदापैकी तेरा दिवस.