बाबांनी कोरलेला सुळा

माझे बाबा चौतीस वर्षांचे आहेत आणि मी एकाहत्तरीची. उत्तर टोकाच्या आमच्या बर्फाळ गावात यात कुणाला काही वावगं वाटत नाही. माझे जन्मदाते बाबा, अयालुक, वसंतात सीलच्या शिकारीला गेले, पायाखालचा बर्फ फुटला आणि ते गेले ते गेलेच. महिनाभरात शेजारी मुलगा झाला. त्याच्या आईनं त्याला बाबांचं नाव दिलं. नाव आलं की माणूस परत आला, असं आम्ही मानतो. मी ते तान्हं बाळ मांडीवर घेतलं, "बाबा, किती वाट बघायला लावलीत हो," म्हणाले आणि पोटभर रडले. तेव्हापासून व्हेल कापला की चांगला तुकडा आधी त्यांच्या घरी जातो, आणि ते मला "पोरी" म्हणतात.

हातही तोच. शरदातल्या वादळात नदीचा काठ ढासळला की मॅमथचे, म्हणजे फार पूर्वीच्या केसाळ हत्तींचे, सुळे उघडे पडतात. बाबा ते आणतात, घासून गुळगुळीत करतात आणि सुईनं चित्र कोरतात. मग वरून शाई चोळून पुसली की शाई रेघांत तेवढी उरते. पहिल्या खेपेलाही ते हेच करत. चित्र मात्र दिसेल त्याचं. एका सुळ्यावर त्यांनी आमचं गावच कोरलं होतं: किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या, मासे वाळत घातलेल्या काठ्या, शाळेमागचा बास्केटबॉलचा खांब आणि माझ्या छपरावरची टीव्हीची छत्री. खाली सही, अयालुक.

हा सुळा घ्यायला नोम शहराहून छोट्या विमानानं व्हिटकॉम्ब नावाचा माणूस आला. सिएटलचा. असे कोरीव सुळे जमवणाऱ्या बड्या लोकांच्या मंडळाचा अध्यक्ष. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल, पण मला आजी म्हणायचा. आमच्याकडे आले की सगळ्याच बाहेरच्यांना आजीची आठवण येते. माझ्या स्वयंपाकघरात बसून त्यानं आधी टाचणी तापवली आणि सुळ्याला टोचून बघितली. प्लास्टिक असतं तर वितळलं असतं म्हणे. नाही वितळलं, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला.

"आजी, कोरलंय कुणी हे?"

"माझ्या बाबांनी."

त्यानं माझ्या सुरकुत्यांकडे बघून मनातल्या मनात हिशेब केला. "म्हणजे ते आता... नसतील?"

"आहेत की! ते काय, बाहेर गाडी दुरुस्त करतायत."

त्यानं खिडकीतून पाहिलं. गाडीखालून बाबांचे बूट तेवढे दिसत होते. व्हिटकॉम्बनं माझे दोन्ही हात धरले. डोळे भरून आले त्याचे.

"खरंय, आजी. आपली माणसं कुठं जातात? इथंच असतात."

"तेच तर सांगतेय. हाक मारू का?"

"नको, नको. हा क्षण असाच राहू दे."

सुळ्याला त्यानं तापलेली टाचणी लावली, पण माझ्या बोलण्याचं पुढं काही विचारलं नाही. जाताना टेकडीवर गेला. तिथं पाद्र्यांनी रोवलेल्या क्रूसावर बाबांचं नाव आणि ते बुडाले ते साल आहे. त्याचा फोटो काढून माणूस खूश होऊन विमानात बसला. त्या पैशात बाबांनी होडीला नवं इंजिन घेतलं, आणि आम्ही त्याला विसरलो.

पुढच्या उन्हाळ्यात कोरीव सुळ्यांवर त्याचं पुस्तक आलं. जाडजूड, गुळगुळीत कागदाचं. गावच्या हॉलमध्ये मोठ्यानं वाचन झालं. बास्केटबॉलचा खांब म्हणजे 'भटक्या आत्म्यांना पकडण्याचं विधीचं जाळं', आणि माझ्या छपरावरची छत्री म्हणजे 'सूर्याला जागवणारा ढोल'. लोक हसून हसून बाकांवरून पडायचे बाकी राहिले. त्या आठवड्यात पोरं खेळायला निघाली की "आत्मे पकडायला चाललो" म्हणून ओरडत होती. मीही हसले. बाबा हसले नाहीत. शेवटच्या पानावर होतं: 'दिवंगत अयालुक, या कलेचा अखेरचा उस्ताद.'

"पोरी, मी दिवंगत झालो," ते म्हणाले.

"होतं हो कधी कधी," मी म्हणाले. थट्टा करायची ती वेळ नव्हती, हे मला पानगळीत कळलं. अँकोरेजच्या प्रदर्शनासाठी बाबांनी हिवाळाभर खपून एक सुळा कोरला होता. प्रदर्शनात आपलं नाव लागावं, एवढी एकच हौस त्या माणसाला. सुळा परत आला. सोबत दोन ओळी: दिवंगत उस्तादाची ही सामान्य नक्कल आहे, आणि मृताचं नाव वापरणं शोभत नाही. निवड करणाऱ्यांत व्हिटकॉम्ब होता.

बाबांनी सुया डब्यात भरल्या आणि डबा माळ्यावर टाकला. वर्षभर हात लावला नाही. घरी आले की चहा पिऊन गप्प बसायचे. बाप गप्प बसलेला मला बघवत नाही, वय काही का असेना.

मग व्हिटकॉम्ब परत आला. मंडळाची माणसं, फोटो काढणारा आणि एक पितळी पाटी घेऊन. पाटी उस्तादाच्या थडग्यावर बसवायची होती. मी त्याला घरी नेलं, बाबांना समोर बसवलं आणि सरळ सांगितलं, "हे माझे बाबा. तुमचा सुळा यांनी कोरलाय."

तो गोड हसला. मीच माळ्यावरून डबा काढला. बाबांनी सुळ्याचा एक तुकडा घेतला आणि चहा निवायच्या आत त्यावर व्हिटकॉम्बचं तोंड कोरलं, नाकावरच्या चामखिळीसकट. मंडळाची माणसं वाकून बघत राहिली.

"छान! अभ्यास दांडगा आहे तुझा," व्हिटकॉम्ब म्हणाला. "पण त्यांच्या रेघेत जी वेदना होती ना, ती यात नाही. तू अजून सोसलेलं नाहीस."

"साहेब, मी मेलोय," बाबा म्हणाले. "आणखी काय सोसू?"

सगळे टेकडीवर गेले. पाटी क्रूसाखाली ठोकली गेली. फोटो काढणाऱ्यानं मला मधे उभं केलं. बाबा माझ्याशेजारी आले तसा व्हिटकॉम्ब त्यांना हळूच म्हणाला, "तू जरा बाजूला हो, बाळा. फक्त घरचेच." आणि बाबा झाले बाजूला. मान खाली घालून.

तेव्हा माझं डोकं फिरलं. बर्फानं माझा बाप नेला होता, पण महिन्याभरात परत तरी दिला. हा शहाणा पितळेची पाटी घेऊन त्यांना पुन्हा मारायला आला होता. मी फोटोवाल्याच्या पिशवीतला पेचकस घेतला आणि पाटी उपटली.

"आजी, हे काय करताय? थडगं आहे ते!"

"इथं कुणी नाही. समुद्रानं त्यांना दिलंच नाही परत. खाली नुसते दगड आहेत. माझा बाप तो तिकडे उभाय. सकाळी माझ्याकडे सुका मासा खाऊन आलाय."

त्याचा चेहरा पांढरा पडला. या वेळी त्याला समजलं, ते मला स्पष्ट दिसलं. बाबांच्या सहीकडे, सालाकडे, त्या आत्म्यांच्या जाळ्याकडे त्याचं मन धावत गेलं असणार. मंडळाची माणसं ऐकत नाहीत असं बघून तो बाबांच्या कानाशी गेला.

"दुसरी आवृत्ती छापायला गेलीय," तो कुजबुजला. "तुम्ही कोराल ते सगळं मी घेईन. दुप्पट देईन. फक्त... मेलेलेच राहा."

पहिल्यांदाच तो बाबांना 'तुम्ही' म्हणाला.

बाबांनी पाटी माझ्या हातातून घेतली, तिच्यावरून अंगठा फिरवला. "पोरी, चल. पाहुण्यांचं विमान चुकेल."

आता ती पाटी बाबांच्या दारावर आहे. 'अयालुक, सुळ्यांवरचा अखेरचा उस्ताद.' खाली बाबांनी आपल्या सुईनं कोरून शाई भरलीय: 'घरी आहे. दार वाजवा.'